बाकी, मोड आणि पावती : महाड-पोलादपूरहून परदेशी निघालेल्यांसाठी

पोलादपूरहून महाडला निघालेल्या एसटीत कंडक्टरकडे मोड नसली, की तो तिकिटाच्या मागे उरलेली रक्कम लिहून देतो. ती उतरताना आठवणीने मागायची. महाडच्या बाजारपेठेत दुकानदार ‘राहू दे, उद्या दे’ म्हणतो, किंवा सुटा रुपया नाही म्हणून हातावर चॉकलेट ठेवतो. घरी जाऊन हिशेब केल्यावर दहा रुपये कमी भरले, तर दुसऱ्या दिवशी सांगितलं तरी चालतं. गल्ल्यावर तोच माणूस असतो आणि त्याला आपलं घर माहीत असतं.

परदेशातल्या मोठ्या दुकानात हा दुसरा दिवस मिळत नाही. गल्ल्यावरची मुलगी मालक नसते आणि उद्या तिथे दुसरंच कुणी बसलेलं असतं. तिथे ओळखीचं काम पावती करते. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतून बाहेर जाऊन स्थिरावलेल्या कुटुंबांनी नव्याने येणाऱ्यांसाठी जे लिहून पाठवलं, त्यात हा मुद्दा जवळपास प्रत्येकाने मांडला आहे. बाकी मजकूर मात्र ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे आला. कॅनडा आणि इंग्लंडच्या मंडळींनी पानंच्या पानं लिहिली. आखाताची वाट या भागाला जुनी आहे, पण तिकडून एकच चिठ्ठी आली.

कॅनडातले गृहस्थ हिशेबनीस आहेत आणि त्यांचं लिहिणंही तसंच आहे. काउंटर सोडण्याआधी बिल वाचावं. फळीवरच्या भावापेक्षा बिलात जास्त लागला असेल, तर ‘तिथे भाव वेगळा लिहिला होता, जरा बघाल का?’ एवढंच म्हणावं. फळीवरच्या चिठ्ठीचा फोटो असेल तर दाखवावा. मागे रांग वाढली असेल, तर ग्राहकसेवेच्या खिडकीशी जावं. तिथल्या अनेक साखळी दुकानांनी २००२ पासून एक नियमावली स्वतःहून मान्य केली आहे. मशिनने जास्त भाव लावला, तर ती वस्तू ठरावीक रकमेपर्यंत फुकट मिळते. नियमावली आली तेव्हा ही मर्यादा १० डॉलर होती. ती सगळीच दुकानं पाळत नाहीत, म्हणून गल्ल्याजवळची पाटी आधी पाहावी आणि ‘हा माझा हक्क आहे’ अशी सुरुवात करू नये.

ज्यात कुणाचीच चूक नसते, अशा दोन गोष्टींवरून नवा माणूस हमखास वाद घालतो, असं ते बजावतात. पहिली गोष्ट कराची. आपल्याकडे पाकिटावरच्या कमाल किमतीत सगळे कर धरलेले असतात. ओंटारिओत मात्र करपात्र वस्तूवर १३ टक्के कर गल्ल्यावर चढतो आणि २० डॉलरची वस्तू २२.६० ला पडते. दुसरी गोष्ट सेंटची. कॅनडाने एक सेंटचं नाणं फेब्रुवारी २०१३ पासून वाटणं बंद केलं. रोखीचं बिल १०.०२ झालं तर १० डॉलर घेतात, १०.०३ झालं तर १०.०५. कार्डावर मात्र नेमकी रक्कम जाते. दोन सेंटांसाठी कॅशियरला खोटं पाडण्याआधी एवढं माहीत असावं.

कोथिंबिरीचा किस्साही त्यांचाच. गल्ल्यावरच्या नव्या मुलाला कोथिंबीर आणि पार्सली सारखीच दिसते. सुट्या भाजीला आकडे असतात, कोथिंबिरीला ४८८९ आणि पार्सलीला ४८९९. एक आकडा चुकला की भाव बदलतो. जुडी पट्ट्यावर ठेवतानाच नाव सांगितलं तर चूक होत नाही. आळूच्या पानांचं मात्र सांगूनही भागेल असं नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं आहे.

इंग्लंडहून लिहिणाऱ्या ताईंचा सूर वेगळा आहे. तिकडे गेल्यावर पहिल्याच महिन्यात एका दुकानात त्यांचं भारतातल्या बँकेचं कार्ड दोनदा ओढलं गेलं. दुकान म्हणालं बँकेला विचारा, बँक म्हणाली दुकानाला विचारा. बँकेचा ओटीपी जायचा महाडच्या सिमकार्डावर आणि ते कार्ड सासूबाईंच्या कपाटात! पैसे परत आले, पण तोवर त्यांचे कित्येक दिवस फोनवर रडकुंडीला येण्यात गेले. त्यांचा राग रास्त आहे आणि त्यातून निघालेला सल्ला पक्का आहे. व्यवहार ‘अडकला’ असं दिसलं तर दुसऱ्यांदा कार्ड देण्याआधी पहिल्याची रद्द पावती मागावी, आणि निघण्यापूर्वी बँकेतला फोन नंबर चालू राहील अशी सोय करावी. ‘तिकडचे लोक मदतच करत नाहीत’ हे त्यांचं मत आहे. इतरांचा अनुभव तसा नाही.

फळीवरचा भाव दुकानाला बांधतो, असं आपण धरून चालतो. इंग्लंडमध्ये १९५३ च्या बूट्स खटल्यापासून कायदा असा, की मांडलेली वस्तू हे खरेदीचं आमंत्रण असतं आणि सौदा गल्ल्यावर पक्का होतो. फसवा भाव लावण्याला कायद्याने बंदी आहे, पण चुकून लागलेल्या चिठ्ठीच्या भावानेच वस्तू द्या, असा हट्ट धरता येत नाही.

उलट बाजू जास्त महत्त्वाची आहे. चुकून जास्त आलेली बाकी चूक कळूनही ठेवून घेणं हा तिथल्या १९६८ च्या चोरीविषयक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. गल्ल्यात तूट आली आणि नोकरीच्या करारात तशी अट असली, तर दुकानातल्या नोकराच्या एका पगारातून १० टक्क्यांपर्यंत रक्कम कापता येते, असं १९९६ चा रोजगार कायदा सांगतो. म्हणजे आपल्या खिशात राहिलेली पाच पौंडांची जास्तीची नोट पाळी संपल्यावर त्या मुलीच्या अंगावर येऊ शकते. ती तिथल्या तिथे, मोठ्याने न बोलता परत करावी.

अमेरिकेत शिकवणाऱ्या एका काकूंनी हाच धागा संस्कारांकडे नेला आहे. मुलांना मशिनच्या गल्ल्यावर न नेता माणसाच्या गल्ल्यावर न्यावं, नाणी मराठीत मोजायला लावावीत, ‘सव्वा’ आणि ‘पावणेदोन’ त्यांच्या कानावर पडावेत, असा त्यांचा आग्रह आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडची बाजारपेठ बुडाली, तेव्हा नात्यातल्या एका दुकानदाराची उधारीची वही गेली. काही गिऱ्हाइकं स्वतः येऊन आकडा सांगून गेली, हे त्या मुलांना सांगतात. काहीजण आलेच नाहीत, हेही त्यांनी दडवलेलं नाही.

पैसे देण्याघेण्याच्या पद्धतीवर जपानहून एक टिपण आलं आहे. तिथे गल्ल्यावर छोटा ट्रे असतो. नोट त्यात ठेवायची आणि बाकीही बहुधा त्यातच येते. हातात पैसे दिले नाहीत म्हणून अपमान मानू नये, असं टिपण सांगतं. महाडच्या माणसाला हे मुद्दाम सांगावं लागतं. स्पर्श टाळण्यासाठी नाणं वरून टाकण्याची रीत इथल्या आजी-आजोबांनी पाहिली आहे, आणि २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर जे झालं ते याच गावात झालं. ट्रे पाहून पोटात कालवलं तर ते समजण्यासारखं आहे. पण तिथे ट्रे सगळ्यांसाठी एकच असतो.

आखातातली चिठ्ठी कुवेतची आहे. दिनारात १००० फिल्स, म्हणून बिलावर दशांश चिन्हापुढे तीन आकडे असतात आणि १.२५० म्हणजे सव्वा दिनार. पाव दिनाराची कागदी नोट मिळते, ती बाकीत आली का हे गल्ल्यासमोरच मोजून घ्यावं.