कुमारवयातील तंबाखूचे व्यसन : ओळख, सुटका आणि शिक्षकाचे कर्तव्य

सहावी-सातवीतील एखाद्या मुलाच्या खिशात माव्याची, खर्ऱ्याची किंवा तंबाखूची पुडी सापडली, म्हणजे शाळेत बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर त्या मुलाची चारचौघांत मानहानी होते, किंवा ‘मोठा झाला की आपोआप सोडील’ असे म्हणून दुर्लक्ष केले जाते. मानहानीने मूल चोरून खाऊ लागते आणि दुर्लक्षाने ते निर्ढावते. म्हणून या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध विचार प्रत्येक शिक्षकाने करणे अगत्याचे आहे.

सवय कशी जडते? दात दुखतो म्हणून घरातील वडीलधाऱ्या बाईने मुलीला मशेरी लावावयास दिलेली असते. शेतावर भूक मारण्यासाठी मुलगा मोठ्यांच्या चंचीतून चिमूटभर घेतो. कोणी केवळ मित्राने भित्रा म्हणू नये म्हणून पुडी फोडतो. तंबाखूतील निकोटिन हे द्रव्य रक्तावाटे मेंदूत पोहोचते व तेथे सुखाची जाणीव देणारी क्रिया चेतविते. वारंवार सेवनाने मेंदूला तिची सवय होते; मग सुखासाठी नव्हे, तर अस्वस्थता टाळण्यासाठी तंबाखू लागते. मेंदूची वाढ सुमारे पंचविसाव्या वर्षापर्यंत चालू असते. त्यामुळे कुमारवयात जडलेले व्यसन अधिक खोल रुजते. सारांश, व्यसन हा केवळ स्वभावदोष नसून उपचाराने बरा होऊ शकणारा विकार आहे.

खुणा. तासाच्या मध्येच वारंवार बाहेर जाणे, सतत थुंकणे, दातांवरील डाग, चिडचिड, अभ्यासातील लक्ष उडणे व घरातील सुटे पैसे नाहीसे होणे, या गोष्टी संशयास जागा देतात. नेहमीचे तिखट तोंडाला झोंबू लागणे व तोंड पुरते न उघडणे ही मात्र धोक्याची लक्षणे होत. मुलाची स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून तोंडात शिरत नसल्यास त्यास विनाविलंब दंतवैद्याकडे पाठवावे. नुसत्या सुपारीनेही हा विकार होतो आणि त्यातून पुढे कर्करोग उद्भवू शकतो.

सुटकेचा मार्ग. प्रथम मुलाशी एकांतात, न रागावता बोलावे. केव्हा, कोठे व कोणाबरोबर खावेसे वाटते, हे त्याच्याकडूनच काढून घ्यावे. सोडण्याचा दिवस त्यानेच ठरवावा. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात. तीन-चार आठवड्यांत त्रास बराच ओसरतो. या काळात त्याला पाणी पिणे, बडीशेप चघळणे, खेळात वा शाळेच्या बागेत गुंतणे असे पर्याय द्यावेत. मध्येच पुन्हा खाल्ल्यास ‘तुझ्याने होणार नाही’ असे कदापि म्हणू नये. घसरणे हा सुटकेच्या वाटेवरीलच एक टप्पा आहे. कशामुळे घसरला ते पाहून पुन्हा आरंभ करावा. पालकांना बोलवावे, परंतु तक्रार सांगण्यास नव्हे, तर साहाय्य मागण्यास. प्राथमिक आरोग्य केंद्राचा सल्ला घ्यावा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी उपलब्ध आहे. मूल दारू किंवा अन्य मादक द्रव्याच्या आहारी गेले असल्यास शिक्षकाने स्वतः प्रयोग करू नयेत. नित्याची दारू एकाएकी तोडल्यास झटके येऊ शकतात; तेथे वैद्यच हवा.

वर्गपाठ. गणिताच्या तासाला दररोज १० रुपयांची पुडी धरून वर्षाचा हिशेब मुलांकडून करवावा. उत्तर येते ३,६५० रुपये. एवढ्या पैशांत घरात काय काय आले असते, याची यादी मुलांनीच करावी. त्यानंतर दोन मुलांचा संवाद बसवावा : एक पुडी पुढे करतो, दुसरा मैत्री न तोडता नकार देतो. भयप्रद चित्रांपेक्षा नकाराचा हा सराव मुलांच्या अधिक उपयोगी पडतो.

कायदा. २००३ च्या कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकणे व शाळेपासून १०० यार्डांच्या आत ती विकणे निषिद्ध आहे. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मुलास तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची तरतूद केली. हे नियम ग्रामसभेत वाचून दाखवावेत व शाळेजवळील टपरीचा प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडावा.

शेवटी एक अवघड, पण टाळता न येणारी गोष्ट. मधल्या सुट्टीत विद्यार्थ्यालाच पुडी आणावयास धाडणारे शिक्षक आजही आढळतात. त्या मुलाला दुकानाची वाट शिक्षकच दाखवितो. तंबाखू मळणाऱ्या हातांनी फळ्यावर लिहिलेले व्यसनमुक्तीचे सुविचार मुले वाचतात खरी, पण ती शिकतात हाताकडून. ज्या शिक्षकास स्वतःस ही सवय आहे, त्याने ती लपवून उपदेश करू नये. मुलाबरोबर आपणही सोडण्याचा दिवस ठरवावा. आपल्यासारखाच झगडणारा गुरू समोर दिसला, म्हणजे मुलाला धीर येतो. असा एकेक मुलगा सावरला, तर त्याच्या मागे बसणारे दहा त्या वाटेला जाण्यापूर्वीच थांबतील.