घरासाठी दलालाला पैसे देऊ का?

प्रश्न : मी मुंबईत धुणीभांडी करते. नवरा वारला, पदरात दोन मुली. एक दलाल ५० हजार रोख घेऊन म्हाडाचं घर लावून देतो म्हणतो. बांगड्या मोडू का?

उत्तर : ताई, बांगड्या मोडू नका. म्हाडाने घरवाटपासाठी दलाल नेमलेले नाहीत. घरं संगणकीय सोडतीतून मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल, तर अत्यल्प उत्पन्न गटात स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज करा. आधार, पॅन, अधिवास आणि उत्पन्नाचे दाखले आताच काढून ठेवा. नंबर लागला नाही, तर अनामत रक्कम खात्यात परत येते. दलालाने तगादा लावला, तर पोलीस ठाण्यात तक्रार करा. तुमच्या कष्टाचा पैसा मुलींच्या हक्काच्या घरासाठीच राखा.