पदकानंतरची बत्तीस वर्षे

छत्रपती संभाजीनगर

चिरंजीव रणजित,

तुझे पत्र पोहोचले. कॉलेजचे दुसरे वर्ष अर्ध्यावर टाकून सारा काळ तालमीस वाहावा, एखादे राष्ट्रीय पदक हाती आले म्हणजे खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून सरकारी नोकरी मिळेल आणि जन्माची विवंचना मिटेल, असा जो हिशेब तू मांडला आहेस, त्यामागची कुस्तीवरील निष्ठा मला मान्य आहे. हिशेब मान्य नाही. उभी हयात कोषागारात काढल्यामुळे जमेची रक्कम पाहण्यापूर्वी ती किती मुदतीस पुरणार, हे पाहण्याची मला खोड आहे. म्हणून ज्या खाशाबा जाधवांचे नाव तू पत्रात मोठ्या अभिमानाने घेतले आहेस, त्यांच्याच आयुष्याचा ताळेबंद तुझ्यापुढे ठेवतो.

कराडजवळच्या गोळेश्वरात 15 जानेवारी 1926 रोजी जन्मलेले खाशाबा वडिलांच्या नजरेखाली मातीत तयार झाले, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत असतानाच, महाराजांच्या द्रव्यसाहाय्याने 1948 साली लंडनच्या ऑलिम्पिकला गेले. हौद्यातल्या लाल मातीत वाढलेल्या या मल्लास गादी नवखी होती आणि गुणांचे नियमही नवखे होते. तरी फ्लायवेट गटात ते सहावे आले. 1952 साली हेलसिंकीस जाण्याची वेळ आली तेव्हा पैशाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे राहते घर तारण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तेथे बँटमवेट गटात जपानच्या इशीशी दीर्घ झुंज होते न होते तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या ममदबेयोव्हपुढे उभे राहावे लागले. मधल्या विश्रांतीचा हक्क बजावून सांगेल असा एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. तशाही स्थितीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होय. दुसऱ्यासाठी देशाला 1996 पर्यंत थांबावे लागले.

येथपर्यंतची कथा तुम्हां मुलांना पाठ असते. माझे लक्ष पुढील भागाकडे आहे. कराडात बैलगाड्यांची प्रचंड मिरवणूक निघाली. पण त्या जयघोषात न रमता खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या खेळून पैसा मिळवला आणि गुरुजनाचे घर गहाणातून सोडवले. 1955 साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले, सहायक पोलीस आयुक्त या हुद्द्यावरून निवृत्त झाले, आणि निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार आला तो मरणोत्तर. पदक आणि मृत्यू यांमध्ये बत्तीस वर्षांचे अंतर आहे. त्या बत्तीस वर्षांत संसार चालला तो खात्यातील चाकरीवर, आणि लोकांत मान राहिला तो वेळेवर फेडलेल्या ऋणामुळे. पदकाने कीर्ती दिली. चरितार्थ दिला नाही.

ही आपल्याच देशाची रीत होती असे समजू नकोस. त्याच काळी वेल्समध्ये रग्बीच्या आघाडीच्या फळीत झुंजणारे धिप्पाड गडी आठवडाभर कोळशाच्या खाणीत किंवा पोलिसांत राबत आणि शनिवारी मैदानात उतरत. कारण रग्बी युनियनच्या खेळात मोबदला घेणे 1995 पर्यंत निषिद्धच होते. आज काळ पालटला आहे. आपल्या शहरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे, खाशाबांचा जन्मदिवस राज्याचा क्रीडादिन झाला आहे. सोयी वाढल्या खऱ्या, परंतु गुडघा एकदा निखळला म्हणजे मल्लाची कारकीर्द पंचविशीतही संपते, हा निसर्गाचा कायदा कोणत्याही शासननिर्णयाने रद्द झालेला नाही.

तेव्हा तीन गोष्टी ध्यानात धर. पदवी पुरी कर. आरक्षणाच्या जागेसही शैक्षणिक अर्हता लागते, आणि खाशाबांनी ऑलिम्पिक गाठले ते कॉलेजात नाव असतानाच. नियमावली स्वतः वाचून मुखोद्गत कर. तुझा हक्क सांगणारा माणूस ऐन वेळी हजर असेलच असे नाही. आणि तुझ्या खुराकासाठी वहिनींनी कोणती गरज मागे सारली, तुझ्या प्रवासास कोणी पैसे दिले, याची नोंद ठेव. यश आले तर पहिला खर्च त्या फेडीचा असू दे. तालीम सोड असे मी म्हणत नाही. पहाटेचा आणि संध्याकाळचा वेळ तिचाच आहे. दुपार कॉलेजची असावी, एवढेच माझे सांगणे आहे.

परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत संपण्यापूर्वी तो भर आणि पावतीची नक्कल मला पाठव. फीची रक्कम मी दादांकडे दिली आहे.

कळावे, आशीर्वाद.

तुझा काका