वऱ्हाडात क्रॉस शिकारी कुत्रा काढण्याआधी

हरभरा घाट्यावर आला की अमरावती-अकोल्याच्या गावांत दरवर्षी एक चौकशी सुरू होते. रानडुकरं वावरात उतरतात, रोह्यांचे (नीलगायींचे) कळप तुरीत शिरतात, जागली करून माणूस थकतो, आणि मग कुणीतरी तरुण शेतकरी विचारतो की कारवानी आणि ग्रेहाउंडचा क्रॉस कुठे मिळेल, किंवा घरच्या कारवानी कुत्रीवर कोणता नर चढवावा. काहींना वावराची राखण हवी असते. काहींना सशामागे, हरणामागे धावणारा कुत्रा पाहण्याची हौस असते. शिकारी जातीच्या कुत्र्यांत मी बरीच वर्षं काढली आहेत आणि या कुत्र्यांवर माझा फार जीव आहे. म्हणूनच या दोघांनाही माझं सांगणं एकच आहे: वऱ्हाडात शिकारीसाठी असा संकर करू नका. नजरेने सावज हेरून पळत गाठणं या एका कामासाठी हा प्राणी घडलेला आहे. ते काम इथे कायद्याने उरलेलं नाही, जमिनीने उरू दिलेलं नाही, आणि ज्या जनावराचा त्रास आहे त्याच्यापुढे तर त्याचा उपयोगच नाही.

आधी कुत्रा समजून घेऊ. दख्खनच्या पठारावर लातूर, सोलापूर, सांगलीपासून विजापूर-बागलकोटपर्यंत कारवानी आणि झुपकेदार कानांचा पश्मी पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याला राजाश्रय दिला आणि त्यावरून मुधोळ हाउंड हे नाव रूढ झालं. ९ जानेवारी २००५ रोजी टपाल खात्याने चार भारतीय जातींची तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. खोल छाती, आत ओढलेलं पोट, लांब पाय, अंगावर चरबी जवळजवळ नाही. वास काढत माग घेणारा कुत्रा सावकाश जातो, थांबतो, मालकाकडे पाहतो. नजरेचा कुत्रा तसा नाही. हललेली वस्तू दिसली की तो सुटतो आणि सुटला की कान बंद होतात. तो हट्टी किंवा वाईट शिकवलेला नसतो, तर त्याच्या मेंदूची आणि स्नायूंची घडणच तशी असते. हे ध्यानात न घेता ‘आपण सांगू तेव्हाच सोडू, सांगू तेव्हा परत येईल’ असा हिशेब मांडणारे सगळे फसतात, कारण समोर ससा उठला काय, चरायला सोडलेली शेळी दचकून पळाली काय, त्याच्या दृष्टीने फरक नसतो.

‘आम्ही मारत नाही, नुसतं पळवतो,’ हा युक्तिवाद मी सर्वांत जास्त ऐकतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ वाचला तर तो टिकत नाही. त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत मारणं आहेच. पण पकडणं, कुत्र्यांकरवी पाठलाग करणं, फासे लावणं, हाकणं आणि यांतला प्रत्येक प्रयत्नही आहे. कुत्रा सोडला आणि ससा निसटला, तरी गुन्हा घडून गेलेला असतो. २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली आणि तिने अनुसूचींची फेरमांडणी केली. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. तिथे शिक्षा किमान तीन आणि कमाल सात वर्षं, शिवाय दंड किमान २५ हजार. ससा, रोही, रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. तिथेही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी, जाळी, हत्यारं जप्त होतात. आणि आता पुरावा शोधायला वनरक्षकाला फार हिंडावं लागत नाही. पोरं स्वतःच मोबाइलवर चित्रण करून फिरवतात.

आता संकराकडे येतो, कारण खरा गैरसमज इथे आहे. क्रॉस म्हणजे दोन्हींतलं चांगलं एकत्र, अशी ठाम समजूत आहे: कारवानीचा काटकपणा आणि ग्रेहाउंडची धाव. पहिल्या वेतात असं एखादं पिल्लू निघतंही आणि त्या एकाची कीर्ती तालुकाभर होते. बाकीच्या पाचसहांचं काय झालं हे कुणी विचारत नाही. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी शिकवायची गरज नसावी. १९७०मध्ये एच-४ हा संकरित कापूस आला तेव्हापासून त्याला ठाऊक आहे की संकरित पऱ्हाटीची सरकी पुढच्या साली पेरली तर शेत एकसारखं उगवत नाही. कुठे उंच, कुठे खुजं, कुठे बोंडच नाही. कुत्र्याचंही तसंच आहे. पहिल्या पिढीत जोम दिसतो तो दोन वेगळी रक्तं एकत्र आल्यामुळे. त्या पिढीतल्या नरमादीची जोडी लावली की गुण विखुरतात. कुणाला ग्रेहाउंडची पातळ, काट्याला लगेच फाटणारी कातडी आणि कारवानीचा वेग मिळतो. कुणाला लांब पाय मिळतात पण त्यांना पेलणारे पंजे मिळत नाहीत. आणि बियाण्याच्या बाबतीत निदान आईबाप वाण शुद्ध राखलेले असतात. आपल्याकडे ‘कारवानी’ म्हणून आणलेली कुत्री पुष्कळदा आधीच मिसळलेली असते. ग्रेहाउंडचा नर कुठल्या रक्ताचा हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. २०१६मध्ये व्यापारी पैदाशीसाठी परदेशातून कुत्रे आणायला बंदी घातली गेली. म्हणजे देशात आधीच असलेलं थोडं रक्त पुन्हापुन्हा फिरतं आहे आणि नव्या रक्ताच्या नावाखाली जवळच्या नात्यातलीच जोडी लागण्याचा धोका मोठा आहे. इंग्लंडात असे संकर शतकानुशतकं काढले गेले हे खरं. पण तिथे पिढी पुढे नेताना निवड कठोर होती, निकामी पिल्लांचं काय केलं जाई ते ऐकवत नाही, आणि त्याच इंग्लंडने २००४च्या कायद्याने कुत्र्यांकरवी सशांचा पाठलाग बंद केला.

उरलेल्या पिल्लांचा प्रश्न मला सर्वांत जास्त छळतो. मनासारखी न निघालेली पिल्लं इथे कुणी मारत नाही, पण सोडून देतात. एमआयडीसीच्या मागे, महामार्गावरच्या ढाब्याजवळ, दुसऱ्या गावच्या शिवारात. ती तिथल्या कुत्र्यांत मिसळतात, टोळी करतात आणि शेळ्या-वासरांवर जातात. पैदास करून विकणाऱ्यांसाठी २०१७चे नियम आहेत: राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी, अठरा महिन्यांखालील मादी फळवायची नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेत नाहीत, आठ आठवड्यांआधी पिल्लू विकायचं नाही. शिकारी क्रॉस विकणाऱ्याला पहिला प्रश्न नोंदणीचा विचारा. बहुतेक संभाषण तिथेच संपेल.

जमीन आणि हवा हा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात, तो नेऊ नये. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आणि एकूणच काळ्या भारी रानात पीक निघालं की जमीन उलते. त्या भेगांत माणसाचा पाय सहज अडकतो. ताशी ५०-६० किलोमीटरने पळणाऱ्या कुत्र्याचा पाय गेला तर हाड मोडण्यावाचून दुसरं काही होत नाही. कापणीनंतर उभी राहिलेली ज्वारीची धसकटं आणि तुरीचे तिरपे कापलेले खुंट छातीत, डोळ्यांत घुसतात. वावराभोवती काटेरी तार, कुठे झटका मशीन, आणि कुठे चोरून सोडलेला थेट वीजप्रवाह. शर्यतीचा ग्रेहाउंड सपाट, वाळूच्या पट्ट्यावर गोल पळायला घडवलेला आहे, तुराट्यांतून नव्हे. उन्हाचं तर विचारूच नका. अकोल्याचा पारा ४५च्या वर जाणं नवलाचं राहिलेलं नाही. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश असतं. शर्यतीतल्या ग्रेहाउंडचं एका छोट्या धावेनंतर ४१च्या पुढे गेलेलं मोजलेलं आहे, आणि काळ्या रंगाच्या कुत्र्यात ते आणखी चढतं. फेब्रुवारीच्या सकाळीही लांब पाठलाग झाला तर हा कुत्रा आतून भाजून निघतो.

‘मग रानडुकरांचं काय करायचं?’ हा आक्षेप खरा आहे आणि त्याला झटकून टाकणं शेतकऱ्यावर अन्याय आहे. एका रात्रीत भुईमूग किंवा मका उकरून टाकलेल्या माणसाला कायद्याची कलमं ऐकवणं सोपं असतं. पण उत्तर म्हणून नजरेचा कुत्रा कितपत बरोबर आहे हे पाहू. रानडुक्कर रात्री येतं, दाटीत राहतं. हा कुत्रा दिवसा, मोकळ्या रानात पाहून धावतो. रानडुक्कर गाठलं की वळतं, आणि त्याचे सुळे पातळ कातडीचं पोट एका झटक्यात उघडतात. म्हणून मग कारवानीत रॉटवायलर किंवा पिटबुल मिसळण्याची टूम निघते. तिथे पाठलागाच्या वेडाला न सोडणारा जबडा जोडला जातो, आणि असा कुत्रा गावाच्या शिवारात सुटला की रानडुकराच्या आधी शेजाऱ्याचं वासरू, कधी शेजाऱ्याचं मूल त्याच्या वाटेत येतं. अशा निष्काळजीपणाला भारतीय न्याय संहितेच्या २९१व्या कलमात शिक्षा आहे. पण शिक्षेने झालेली इजा भरून निघत नाही. समजा सगळं जमलं, तरी एक डुक्कर मारून कळप थांबत नाही. पिकाची नासाडी करणाऱ्या प्राण्याच्या शिकारीची परवानगी कायद्याच्या ११व्या कलमात मिळू शकते, पण ती लेखी असते, ठरावीक क्षेत्रापुरती असते आणि कारण नोंदवून दिलेली असते. कुत्रे सोडण्याचा तो सरसकट परवाना नव्हे. नासाडी झाली की फोटो काढून लगेच वनखात्याकडे अर्ज करा, पंचनामा करून घ्या. धुऱ्याला लागून असलेल्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून मान्यताप्राप्त सौरकुंपण घेणं आणि जागली वाटून घेणं, हे कंटाळवाणे उपाय आहेत. भरपाई तुटपुंजी आणि उशिरा मिळते, तेही मान्य. तरी कुत्र्यावर होणारा खर्च आणि धोका यांच्यापुढे ते स्वस्त पडतात. राखणीसाठी कुत्रा हवाच असेल तर धुऱ्यावर बसून भुंकणारा, गावच्या मातीत वाढलेला साधा कुत्रा ठेवा. भुंकण्याने डुक्कर बिचकतं. पाठलागाची गरज नसते.

रानात जाणारा प्रत्येक कुत्रा रोगही नेऊ शकतो. २०१८मध्ये गीरच्या दलखाणिया भागात वीसहून अधिक सिंह मेले, त्यांत कुत्र्यांच्या डिस्टेंपर या रोगाचा विषाणू सापडला. मेळघाट, नरनाळा, काटेपूर्णा आपल्या उंबऱ्यावर आहेत. धोका रोगापुरताही नाही. पुण्याजवळच्या माळरानांत लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत दिसलं आहे; कारंजा-सोहोळच्या काळविटांचा परिसर धरून आपली माळरानं अजून लांडग्यांची आहेत, आणि ती तशीच राहायला हवीत.

परंपरेचा दाखला देताना लोक फासेपारध्यांकडे बोट दाखवतात, ते मला पटत नाही. त्यांचं नावच फाशावरून आलेलं आहे, कुत्र्यावरून नव्हे. जात-कुळी पाहून कुत्रे पैदा करण्याची हौस संस्थानिकांची होती. १८७१च्या कायद्याखाली जन्मतः गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या जमातींत पारध्यांची गणना झाली, १९५२मध्ये तो कायदा गेला, संशय मात्र गेला नाही. आज कुणी हौशी तरुण हरणामागे कुत्रा सोडतो तेव्हा पहिली चौकशी पारध्यांच्या बेड्यावर होते. त्यांच्या नावाचा आधार घेऊन स्वतःची हौस भागवणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं. त्यांचं रानाचं ज्ञान खरं कुठे उपयोगी पडतं हे पाहायचं असेल तर अकोला-वाशिम पट्ट्यातल्या गवताळ रानांकडे पाहा. तिथे संवेदना ही संस्था फासेपारध्यांच्या सोबतीने गवत राखते आहे, आणि त्या गवतात तणमोरासारख्या दुर्मिळ पक्ष्याला आसरा मिळतो.

ज्यांच्या दारात असा क्रॉस कुत्रा आधीच आहे त्यांनी त्याला टाकून देऊ नये, पुढची पैदासही करू नये. अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत किंवा जवळच्या दवाखान्यात नसबंदी करून घ्या, आणि भूल देण्याआधी डॉक्टरांना सांगा की हा ग्रेहाउंड-कारवानी रक्ताचा आहे. या कुत्र्यांचं यकृत थायोपेंटोनसारख्या भुलीच्या औषधांचा निचरा हळू करतं आणि अंगात चरबी नसल्याने उतार लांबतो. रेबीज, डिस्टेंपर, पार्वोच्या लशी वेळेवर द्या. आखूड केसांमुळे गोचीड चटकन दिसतात, ते रोज काढा. धावणं त्याची भूक आहे, ती भागवायलाच हवी. त्यासाठी चारी बाजूंनी बंद, नांगरून वखरून सपाट केलेलं वावर, दोरीने ओढलेली चिंधी आणि पहाटेची वेळ पुरते. मिनिटभराच्या दोन-तीन धावा झाल्या की थांबवा. बाहेर नेताना रुंद पट्टा, कारण याची मान डोक्याएवढीच जाड असते आणि साध्या पट्ट्यातून डोकं सटकतं. धाप थांबत नसेल, जीभ जांभळट-लाल झाली असेल, पाय लटपटत असतील तर आधी जागेवरच सावलीत घेऊन साध्या पाण्याच्या धारेने पोट, जांघा आणि पंजे भिजवा व वारा घाला. ओलं पोतं पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. मग गाडीत घालून दवाखाना गाठा. कुत्रा वाटेत उठून उभा राहिला तरी परत फिरू नका. मूत्रपिंडाचे आणि रक्त गोठण्याचे बिघाड पुढच्या दोन-तीन दिवसांत दिसतात.