नायट्रोजनचा तिहेरी बंध आणि सोयाबीनची मुळे

देवास जिल्ह्यातील बागली परिसरात खरिपात सोयाबीन घेतले जाते. पिकास आवश्यक असा नायट्रोजन हवेत 78 टक्के आहे. तथापि पिकास तो थेट घेता येत नाही. दोन अणू काही इलेक्ट्रॉन सामाईक ठेवतात, तेव्हा दोन्ही अणुकेंद्रांच्या त्यांवरील आकर्षणामुळे अणू एकत्र राहतात. यास सहसंयुज बंध म्हणतात. हायड्रोजनच्या रेणूत अशी एक जोडी सामाईक असते, ऑक्सिजनच्या दोन, तर नायट्रोजनच्या तीन. हा तिहेरी बंध फारच बळकट. तो तोडून अमोनिया बनविण्यास खत कारखान्यात लोहाचा उत्प्रेरक, सुमारे 400 ते 500 अंश सेल्सियस तापमान व वातावरणाच्या शंभराहून अधिक पट दाब लागतो. मुळांवरील गाठींतील रायझोबियम जिवाणू तेच कार्य मातीच्या साध्या तापमानात करतात. अर्थात फुकट नव्हे, त्यासाठी पीक त्यांस साखर पुरविते.

फुलोऱ्याच्या सुमारास एखादे रोप मुळासकट खणून गाठ कापून पाहावी. आत लालसर रंग दिसल्यास ती कार्यक्षम समजावी. पेरणीपूर्वी 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम रायझोबियम संवर्धन चोळून बियाणे सावलीत सुकवावे. बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी लावावे, जिवाणू शेवटी.