केपटाऊनची जुनी गोदी : फिरायला जाणाऱ्या व्यापाऱ्यासाठी एक पाठ

परदेशी जाणारा आपला व्यापारी बांधव दोन ठिकाणी हमखास जातो, घाऊक बाजारात आणि नातलगांच्या घरी. त्या शहराचा देखणा किनारा हे तिसरे ठिकाण तो बायकामुलांच्या हट्टापायी तासाभरात उरकतो. मुले आईस्क्रीम खातात, फोटो काढले जातात आणि हा गृहस्थ घड्याळाकडे पाहत बाकावर बसून राहतो. वास्तविक धंद्याच्या दृष्टीने त्या शहरात पाहण्यासारखे बरेच काही त्या बाकाच्या आजूबाजूलाच असते. म्हणून आजच्या पाठासाठी आपण दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहराची जुनी गोदी घेऊ. तिचे आजचे नाव व्हिक्टोरिया अँड आल्फ्रेड वॉटरफ्रंट.

केपटाऊनच निवडण्याला कारण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील कोकणी मुसलमान रोजीसाठी तेथे गेले. पुष्कळांनी किराणा दुकाने थाटली आणि वस्तीवस्तीत उधारीवर धंदा केला. १९१३ च्या कायद्याने हिंदुस्थानातून नव्या माणसांचे येणे जवळजवळ बंद झाले, तरी जे राहिले ते टिकले. आजही केपटाऊनमध्ये स्वतःला कोकणी म्हणवणारी कुटुंबे आहेत. कोकणातल्या अनेक घरांना हे शहर म्हणूनच परके नाही.

आता गोदीकडे वळू. तिचा जन्म विम्याच्या एका निर्णयातून झाला, ही गोष्ट व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे. टेबल बे हा उपसागर वायव्येच्या वाऱ्याला उघडा आहे. तिकडचा हिवाळा म्हणजे आपल्याकडचे जून ते ऑगस्ट हे महिने. १८५८ च्या हिवाळी वादळात तीसहून अधिक जहाजे तेथे फुटली. त्यानंतर हिवाळ्यात या उपसागरात नांगर टाकणाऱ्या जहाजांचा विमा उतरवण्यास लंडनच्या लॉइड्सने नकार दिला. विमा नाही तर जहाज नाही आणि जहाज नाही तर बाजार नाही. जे काम वर्षानुवर्षे रखडले होते ते दोन वर्षांत सुरू झाले. १८६० मध्ये राणी व्हिक्टोरियाचा मुलगा राजपुत्र आल्फ्रेड याच्या हस्ते लाटा अडवणाऱ्या भिंतीचे पहिले दगड समुद्रात पडले. पुढचे दगड मात्र कैद्यांनी फोडले आणि वाहिले. त्यांची नावे कोणत्याही कुंडाला मिळाली नाहीत. आईचे आणि मुलाचे नाव मात्र दोन कुंडांना मिळाले.

विसाव्या शतकात जहाजे मोठी झाली. शेजारी समुद्र भरून डंकन गोदी उभी राहिली, १९७० च्या दशकात कंटेनरचा जमाना आला आणि जुनी दोन कुंडे मागे पडली. मधल्या भरावाच्या जमिनीमुळे आणि मोठ्या रस्त्यांमुळे शहर समुद्रापासून तुटले. ज्या गावाचा जन्म बंदरामुळे झाला, त्या गावच्या माणसाला बंदराचे पाणी दिसेनासे झाले. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यालगत, माझगाव ते शिवडी, राहणाऱ्यांना ही अवस्था वेगळी समजावून सांगायला नको.

१९८८ मध्ये तेथील सरकारी वाहतूक खात्याने एक वेगळी कंपनी काढून जुनी गोदी तिच्या हवाली केली. कंपनीने ठरवलेली एक गोष्ट या साऱ्या पाठाचा गाभा आहे : गोदीचे काम बंद करायचे नाही. मासेमारीच्या होड्या, जहाजदुरुस्ती आणि ओढबोटी राहतील आणि त्यांच्या अंगाखांद्यावर हॉटेले, दुकाने व घरे उभी राहतील. सुमारे १२३ हेक्टरांचा हा परिसर आज आफ्रिकेतील सर्वांत गजबजलेल्या पर्यटनस्थळांपैकी एक आहे. त्याची किंमतही तशीच चढली. २००६ मध्ये दुबई आणि लंडनच्या गुंतवणूकदारांनी तो सुमारे ७ अब्ज रँडना घेतला आणि २०११ मध्ये ९.७ अब्ज रँडना विकला. आता अर्धी मालकी एका दक्षिण आफ्रिकी मालमत्ता कंपनीची आणि अर्धी सरकारी नोकरांच्या निवृत्तिवेतन निधीची आहे. म्हणजे तेथे आपण कॉफी प्यायलो तर तिचा एक थेंब एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या पेन्शनमध्ये पडतो म्हणायचा!

फिरणे सकाळी सुरू करावे. उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, दुपारनंतर आग्नेयेचा वारा असा सुटतो की टोपी हातात धरून चालावे लागते. पहिला थांबा १८८२ सालचा लाल घंटाघर मनोरा. बंदराच्या कप्तानाची ही मूळ कचेरी. तळमजल्यावर भरती-ओहोटी मोजण्याचे यंत्र होते आणि वरच्या मजल्यावर आरशांची खोली होती. कप्तान खुर्चीत बसूनच साऱ्या बंदरावर नजर ठेवी. गल्ल्यावर बसून आरशात दुकानाचा कोपरान् कोपरा पाहणाऱ्या आपल्या शेटजींना ही युक्ती ओळखीची वाटेल.

मनोऱ्याजवळच फिरता पूल आहे. सध्याचा पूल २०१९ मध्ये जुन्याच्या जागी बसवला. होडी आली की घंटा वाजते, पूल बाजूला सरकतो आणि दोन्ही काठांवर पर्यटक थांबून राहतात. कोणी कुरकुरत नाही, उलट तोच तमाशा होतो. पलीकडे रॉबिन्सन सुकी गोदी आहे, तीही १८८२ ची. जहाज आत घेतात, दार लावतात, पाणी उपसतात आणि ठोकळ्यांवर बसलेल्या जहाजाचा तळ घासून रंगवतात. कठड्याला टेकून हे सारे फुकट पाहता येते. वेल्डिंगच्या ठिणग्या उडत असतात आणि शेजारच्या टेबलावर लोक जेवत असतात. काम करणारा माणूस हेच मोठे आकर्षण आहे, हे ज्याने ओळखले तो हुशार. आपल्याकडे कारागीर दुकानाच्या मागे, पोटमाळ्यावर नाही तर अंधाऱ्या खोलीत बसतो आणि पुढे फक्त काचेचे कपाट दिसते.

या सुक्या गोदीलगतच वॉटरशेड नावाचा कारागिरांचा बाजार आहे आणि आपल्या वाचकाने सर्वांत जास्त वेळ येथेच द्यावा. पूर्वी याच जागी ब्लू शेड नावाचा जरा मोडकळीस आलेला हस्तकला बाजार होता. २०१४ मध्ये त्या शेडचे रूप पालटले. आरपार जाणारा रस्ता ठेवून दोन्ही बाजूंना दीडशेच्या वर गाळे काढले आणि वरच्या मजल्यावर लहान उद्योजकांना काम करण्यासाठी जागा दिली. आत चिनी मातीची भांडी, चामड्याच्या पिशव्या, तारेत मणी ओवून केलेले प्राणी, दागिने, छापील कापड असा माल आहे. माल आफ्रिकेत घडलेला असावा हा या बाजाराचा बाणा. भाव बहुधा लिहिलेला असतो, घासाघीस फारशी चालत नाही. घासाघिशीची हौस असेल तर शहरातील ग्रीनमार्केट चौकात जावे. तेथे साऱ्या आफ्रिकेतून आलेल्या वस्तूंचे मांडव आहेत, पण घडवणारा वेगळा आणि विकणारा वेगळा, अशीच गाठ पुष्कळदा पडते. दोन्ही बाजार एकाच दिवशी पाहावेत. एकसारखी दिसणारी वस्तू दोन ठिकाणी दोन भावांनी का विकली जाते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही.

कापडाच्या धंद्यातील बांधवांनी श्वेश्वे हे कापड विचारून पाहावे. निळ्या, तपकिरी, लाल रंगांवर बारीक ठिपक्यांची नक्षी असलेले हे सुती कापड पूर्वी युरोपातून जहाजाने येई. लांबच्या समुद्रप्रवासात ते खराब होऊ नये म्हणून त्याला कडक खळ दिलेली असे. गिऱ्हाइकाला तो कडकपणा आणि तो वास म्हणजेच अस्सलपणाची खूण वाटू लागली. पुढे प्रवासाची गरज संपली, पण खळ राहिली. १९९२ मध्ये तेथील दा गामा टेक्स्टाइल्स या गिरणीने प्रसिद्ध ‘थ्री कॅट्स’ छापाचे हक्क घेतले आणि छपाईचे तांब्याचे रूळ इंग्लंडहून आणवले. अस्सल कापडाच्या उलट्या बाजूला शिक्का असतो आणि पन्हा ९० सेंटिमीटरचा असतो. बाजारात आशियातून आलेली स्वस्त नक्कल भरपूर आहे. तिचा पन्हा पाहूनच जाणकार बाई ताग्यावरचा हात काढून घेते. पैठणी, हिमरू नाही तर सोलापुरी चादर विकणाऱ्याने स्वतःला विचारावे, की माझ्या गिऱ्हाइकाला अशी खूण मी शिकवली आहे का? यंत्रावरची पैठणी हातमागाची म्हणून खपते ती गिऱ्हाईक अडाणी असल्यामुळे नव्हे, तर विकणाऱ्याने उलटी बाजू दाखवणे सोडल्यामुळे.

चकाकी पाहून कोणी भुलून जाऊ नये, म्हणून भाड्याबद्दल दोन शब्द. अशा परिसरात जमीन एका मालकाची आणि बाकी सगळे भाडेकरू. आपल्या जुन्या बाजारातील पागडीचा हिशेब येथे नाही. अशा मोठ्या मालकाचा करार हाती आला तर, देश कोणताही असो, चार गोष्टी आधी विचाराव्यात. मुदत किती? भाडे ठरावीक, की विक्रीवर टक्केवारीही? वीज, सफाई आणि जाहिरातीचा बोजा कोणावर? आणि दुकान उघडण्या-मिटण्याच्या वेळा कोण ठरवणार? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण जुमाच्या नमाजाला गाळा तासभर बंद ठेवता येईल की नाही ते यावरच ठरते.

मुले बरोबर असतील तर वॉटरशेडशेजारचे मत्स्यालय दाखवावे. ते १९९५ मध्ये सुरू झाले. हिंदी आणि अटलांटिक या दोन्ही महासागरांतील जीव तेथे आहेत आणि समुद्री वनस्पतींचे उंच जंगल काचेमागे डुलताना दिसते. गोदीच्या पाण्यात आणि फळ्यांवर लोळणारे सील मात्र विनातिकीट. पुढे सायलो भागात जुने धान्यकोठार आहे. १९२४ मध्ये पूर्ण झालेली ही ५७ मीटर उंच इमारत मका निर्यातीसाठी बांधलेली होती. २००१ मध्ये तिचे काम थांबले. २०१७ मध्ये तिच्या काँक्रीटच्या नळकांड्या कापून आतून मक्याच्या दाण्याच्या आकाराचे भव्य दालन कोरले आणि आफ्रिकी कलेचे संग्रहालय उघडले. चित्रे कळली नाहीत तरी गवंडीकाम आणि सेंट्रिंगचे काम करणाऱ्याने ती कापलेली भिंत जवळून पाहावी.

खाण्यापिण्याबाबत अडचण येऊ नये. केपटाऊनमध्ये मुस्लिम ज्युडिशियल कौन्सिल ही १९४५ पासूनची संस्था हलाल प्रमाणपत्र देते. दुकानदाराच्या तोंडी हमीऐवजी भिंतीवरचे प्रमाणपत्र आणि त्याची तारीख पाहावी. तेथील लोक तसे विचारल्याने रागावत नाहीत.

घंटाघराजवळूनच रॉबेन बेटाची बोट सुटते. नेल्सन मंडेला यांनी २७ वर्षांच्या कैदेपैकी १८ वर्षे या बेटावर काढली. अहमद कथराडाही येथेच होते. जाणे-येणे धरून साडेतीन तास लागतात. तिकीट आधी काढावे लागते आणि वारा जोराचा असला की फेरी रद्द होते. म्हणून परतीच्या दिवशी हा बेत ठेवू नये. तुरुंगापाशी एक हिरव्या घुमटाची मजार दिसते. ती सय्यद अब्दुर्रहमान मोतुरू यांची. डचांनी त्यांना पूर्वेकडील बेटांतून हद्दपार करून येथे आणले आणि १७५४ मध्ये ते येथेच वारले. याच बेटावर पुढे तिदोरचे इमाम अब्दुल्लाह, म्हणजेच तुआन गुरू, १७८० पासून कैदेत होते. त्यांनी पाठांतरावरून संपूर्ण कुरआन लिहून काढले. सुटकेनंतर त्यांनी शहरातील डॉर्प स्ट्रीटवर जी अव्वल मशीद सुरू केली, ती दक्षिण आफ्रिकेतील पहिली मशीद मानली जाते.

ही मशीद बो-काप मोहल्ल्यात आहे, गोदीपासून रमतगमत अर्ध्या तासाच्या चालीवर. रंगीत घरांचे फोटो काढायला जगभरचे लोक तेथे येतात. पण हा मूळचा शिंपी, सुतार, गवंडी, चांभार अशा मुसलमान कारागिरांचा मोहल्ला आहे. गोदीची आणि शहराच्या मध्यभागाची भरभराट झाली तसे येथील घरांचे भाव आणि कर वाढले. नव्या उंच इमारती येऊ लागल्या आणि पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांना घर राखणे जड जाऊ लागले. २०१८ मध्ये रहिवासी रस्त्यावर उतरले. २०१९ मध्ये नगरपालिकेने मोहल्ल्याला वारसा संरक्षण दिले आणि त्याच वर्षी तेथील १९ जागा राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर झाल्या. इमारतींचे रूप यामुळे वाचेल. पण भाव वाढतच राहिले तर आत राहणारा शिंपी वाचेल का, हा प्रश्न कायद्याने सुटलेला नाही.

आणि आणखी एक जागा. गोदीपासून थोड्या अंतरावर डिस्ट्रिक्ट सिक्स ही मिश्र वस्ती होती. कोकणी किराणावाल्यांची दुकानेही तेथे होती. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी ती गोऱ्यांसाठी राखीव ठरवली गेली, साठ हजारांहून अधिक माणसे हलवली गेली आणि घरे-दुकाने पाडली गेली. उधारीच्या वह्यांतील गिऱ्हाइके दहा दिशांना पांगली. १९९४ मध्ये तेथील जुन्या चर्चमध्ये संग्रहालय उघडले. त्याच्या जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा अंथरला आहे आणि जुन्या रहिवाशांनी आपापल्या घरांच्या जागी नावे लिहिली आहेत. ज्यांचे आजोबा-पणजोबा केपला गेले होते अशा कोकणातील वाचकांनी घरातील जुनी पत्रे चाळून त्यावरचा रस्ता आणि दुकानाचे नाव टिपून न्यावे. नकाशावर रस्त्यांची नावे ठळक आहेत, शोधायला वेळ लागत नाही.