अवजारघराचा कोबा व भिंती : ओल आणि रंगकाम

महाड व पोलादपूर या तालुक्यांतील शेतकऱ्याच्या घराचें रूप गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळ पालटलें आहे. गोठ्याशेजारीं, किंवा बैल गेल्यावर गोठ्याच्याच जागीं, पॉवर टिलर, फवारणीचा पंप, मोटारसायकल व क्वचित् लहान ट्रॅक्टर ठेवण्यासाठीं अवजारघर उभें राहूं लागलें आहे. पूर्वीं चिऱ्याची भिंत, सारवलेली जमीन व वर कौलें असत. आतां सिमेंटच्या पोकळ ब्लॉकची भिंत, सिमेंटचा कोबा व वर पत्रा असतो. असें घर पुरें झालें म्हणजे तें लगेच रंगवून टाकावें, अशी मालकाची इच्छा होणें स्वाभाविक आहे. परंतु ज्या भागांत वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक चार महिन्यांतच, तेथें रंगकाम ही केवळ शोभेची गोष्ट राहत नाहीं. यंत्र गंजणार कीं टिकणार, आणि कोपऱ्यांत ठेवलेलें बियाणें उगवणार कीं कुजणार, हें त्यावर बरेंचसें अवलंबून असतें. म्हणून या कामाचा क्रम येथें थोड्या विस्तारानें देत आहों.

प्रथम आमच्याच चुकीची हकीकत सांगणें योग्य होईल. चार खणांचें एक अवजारघर आम्हीं वैशाखांत बांधून घेतलें. पावसापूर्वीं सर्व आटपावें या घाईनें, कोबा घातल्यापासून पंधरा दिवसांच्या आंतच त्यावर तेलरंगाचे दोन हात दिले व भिंतींनाही आंतून तोच रंग लावला. मृग निघाला तेव्हां घर आरशासारखें दिसत होतें. एका कोपऱ्यांत, भिंतीला लागून, कोब्यावरच कडव्या वालाच्या बियाण्याचीं पोतीं रचलीं. श्रावणांत भिंतींवरील रंगाला फोड आले व ते फोडतांच आंतून पाणी ओघळूं लागलें. गणपतीच्या सुमारास कोब्यावरील रंग सालीसारखा निघूं लागला आणि टिलरच्या पात्यांवर गंज चढला. भात कापून झाल्यावर पोतीं उघडलीं, तों तळचा व भिंतीकडचा दाणा बुरशीनें काळवंडलेला. तो वेगळा काढून, वरचा चांगला दिसणारा दाणा शेताच्या ओलीवर पेरला. तोही निम्म्याहून कमी उगवला. रंगाचा खर्च तर गेलाच. पण पिढ्यान् पिढ्या घरीं निवडून राखलेलें बियाणें गेलें, तें बाजारांत विकत मिळण्यासारखें नव्हतें.

आमचे वडील वाल राखेंत घोळून कणगींत ठेवीत. ती कणगी दगडांवर उचललेली व भिंतीपासून हातभर दूर असे. त्या साध्या मांडणींत जें शहाणपण होतें तें आम्ही कोब्याच्या व रंगाच्या भरंवशावर विसरलों. या अनुभवावरून आमचें मत झालें आहे तें असें कीं, रंग हा ओलीवरील उपाय नव्हे. ओल बंद केल्यावर करावयाचें तें शेवटचें काम आहे.

ओल कोठून येते

ओलीच्या वाटा चार आहेत. पहिली वाट खालून. दिव्याच्या वातींत तेल जसें चढतें, तसें जमिनींतील पाणी काँक्रीटच्या व भिंतीच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढतें. दुसरी वाट बाहेरून. नैर्ऋत्येकडून येणारी झड ब्लॉकच्या दरजांतून व चिऱ्याच्या भोकांतून आंत शिरते. ब्लॉक पोकळ असल्यास तें पाणी पोकळींत उतरून पायाशीं सांचतें. तिसरी वाट हवेची. पावसाळ्यांतील दमट हवा थंड कोब्याला लागली म्हणजे, गार पाण्याच्या तांब्यावर जमतात तसे, थेंब त्यावर जमतात. चौथी वाट बांधकामाचीच. सिमेंटच्या ५० किलोच्या एका गोणीस सुमारें २५ लिटर पाणी लागतें. त्यांतील साधारण निम्मेंच सिमेंटाशीं रासायनिक रीतीनें बांधलें जातें. उरलेलें महिनोन् महिने हळूहळू बाहेर पडत राहतें.

हें पाणी वर येतांना क्षार बरोबर आणतें. पाणी उडून जातें व क्षार पृष्ठभागीं पांढरा भुगा होऊन राहतो. यालाच आपण लोणा म्हणतों. वरून रंगाचा घट्ट पडदा असल्यास क्षाराचे खडे त्याच्या पाठीमागें वाढतात व रंगाला ढकलून काढतात. शिवाय नवें काँक्रीट फार अल्कधर्मी असतें. तेल व कॉस्टिक सोडा एकत्र आल्यावर साबण होतो, हें घरीं साबण करणारांस ठाऊक आहे. नव्या कोब्यावरील तेलरंगाचें नेमकें हेंच होतें. म्हणून कोबा घातल्यावर निदान २८ दिवस कोणताही रंग लावूं नये, आणि तेलरंग तर कोब्यावर लावूंच नये.

परीक्षा

रंग विकत आणण्यापूर्वीं दोन सोप्या परीक्षा कराव्या. हातभर लांबीरुंदीचा प्लास्टिकचा कागद कोब्यावर पसरून चारही कडा चिकटपट्टीनें पक्क्या बंद कराव्या व एक दिवस-रात्र तसाच ठेवावा. कागद उचलल्यावर खालीं थेंब दिसले किंवा कोबा काळपट झालेला असला, तर ओल खालून येत आहे असें समजावें. ही परीक्षा तीन-चार ठिकाणीं करावी, आणि एकदां उन्हाळ्यांत व एकदां पाऊस संपतांच करावी. केवळ उन्हाळ्यांतील निकालावर विसंबूं नये. दुसरी परीक्षा अशी कीं, कोब्यावर पाण्याचे कांहीं थेंब टाकावे. ते लवकर जिरले तर कोबा रंग धरील. मोत्यासारखे राहिले तर तेथें ऑइल किंवा जुना रंग मुरलेला आहे.

बाहेरचीं कामें आधीं

भिंतीच्या ओलीवरील निम्मा उपाय घराच्या बाहेरच असतो. पागोळीचें पाणी जोत्यापाशीं पडूं न देतां पन्हळीनें दूर न्यावें. पत्रा भिंतीच्या बाहेर निदान दीड हात यावा. भोंवतालची माती जोत्यापेक्षां खालीं असावी, व भिंतीलगत बाहेर उतार दिलेली अरुंद फरशी आणि पुढें चर असावा. डोंगरउतारावरील घरांस वरच्या अंगाला आडवा चर अवश्य पाहिजे. पोलादपूरच्या बाजूस, जेथें एका अंगाची भिंत मातीला टेकलेली असते, तेथें ती माती मोकळी करून मधें दगडगोट्यांचा निचरा दिल्यावांचून आंतून लावलेला कोणताही रंग टिकणार नाहीं. पाणी ज्या बाजूनें येतें त्याच बाजूनें अडवावें, हा या कामांतील मुख्य नियम होय.

नवा कोबा घालावयाचा असल्यास खालून येणारी ओल कायमची तोडतां येते. मुरूम धुमसून त्यावर दगडांचें सोलिंग करावें; मोठ्या दगडांमधील पोकळींतून पाणी वातीसारखें चढत नाहीं. वर वाळूचा पातळ थर देऊन २५० मायक्रॉन जाडीचा प्लास्टिक कागद, एकावर एक वीतभर चढवून, भिंतीच्या कडेस थोडा वर वळवून अंथरावा. त्यावर १:२:४ प्रमाणाचें, निदान १० सेंटिमीटर जाडीचें काँक्रीट घालावें. दर तीन मीटरांवर सांधा ठेवावा, दरवाज्याकडे मीटराला एक सेंटिमीटर उतार द्यावा, व निदान दहा दिवस पाणी धरून ठेवावें. गवंड्यास पाणी बेतानें घालावयास सांगावें. पातळ माल पसरावयास सोपा खरा, पण त्याचा कोबा पुढें धूळ सोडतो.

कोब्याची तयारी व सीलर

जुन्या कोब्यावरील ऑइलचे डाग प्रथम काढावे. डागावर भाताचें तूस किंवा लाकडाचा भुसा रात्रभर पसरून ठेवावा, सकाळीं झाडून कढत पाणी व धुण्याचा सोडा यांनीं घासावें. कोब्याच्या वरचा कमकुवत, भुकटी सोडणारा पापुद्रा घासण्याच्या दगडानें किंवा भाड्याच्या ग्राइंडरनें काढून टाकणें सर्वांत चांगलें. घासतांना तोंडावर योग्य मास्क बांधावा, कारण ती बारीक धूळ फुप्फुसांस घातक आहे. कित्येक जण ॲसिडानें धुतात. तें करणें झाल्यास सौम्य करावें. ॲसिड पाण्यांत ओतावें, पाणी ॲसिडांत कदापि ओतूं नये. हातमोजे व चष्मा घालावा, आणि शेवटीं सोड्याच्या पाण्यानें व स्वच्छ पाण्यानें दोनतीनदां धुवावें. त्या वाफेनें लोखंड लवकर गंजतें, म्हणून टिलर व अवजारें आधींच बाहेर काढावीं.

कोबा नीट कोरडा झाल्यावर निवड करावयाची ती परीक्षेच्या निकालावरून. खालून थोडी ओल येत असल्यास सिलिकेट जातीचा सीलर घ्यावा. तो काँक्रीटांतील मोकळ्या चुन्याशीं संयोग पावून छिद्रांतच कठीण होतो; कोबा धूळ सोडावयाचा थांबतो, आणि वर पडदा होत नसल्यामुळें वाफ कोंडून राहत नाहीं. दिसण्यांत तो साधा, पण आपल्या भागांतील बहुतेक जुन्या कोब्यांस तोच मानवेल असें आम्हांस वाटतें. कोबा खात्रीनें कोरडा असेल तरच दोन भागांचा इपॉक्सी रंग घ्यावा. तो डिझेल, ऑइल व घर्षण उत्तम सोसतो, पण वाफ बाहेर जाऊं देत नाहीं. ओल्या कोब्यावर त्याचे मोठाले पापुद्रे निघतात. दोन्ही भाग डब्यावरील प्रमाणानेंच मिसळावे व मिसळलेला रंग ठरलेल्या वेळांत संपवावा. शेवटचा हात ओला असतांना त्यावर बारीक कोरडी वाळू शिंपडल्यास पावसाळ्यांत पाय घसरत नाहीं.

भिंती

ब्लॉकच्या भिंतीच्या दरजा प्रथम तपासाव्या. पोकळ व तडकलेल्या दरजा खरवडून नव्यानें भराव्या. लोणा कोरड्या ब्रशानेंच झाडावा. पाण्यानें धुतल्यास तो विरघळून पुन्हां आंत शिरतो. बाहेरील अंगास सिमेंटचा गिलावा असल्यास उत्तम. चिऱ्याची किंवा ब्लॉकची भिंत उघडीच ठेवावयाची असेल, तर सिलेन-सायलॉक्झेन जातीचें पाणी झटकणारें द्रव्य बाहेरून लावावें. त्यानें पाणी आंत येत नाहीं व आंतील वाफ बाहेर जाते.

आंतील बाजूस सिमेंट रंग आमच्या मतें पुरेसा आहे. त्याची रीत इतर रंगांहून उलट आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. हा रंग कोरड्या भिंतीवर लावावयाचा नाहीं. भिंत आधीं पाण्यानें भिजवून, पाणी निथळल्यावर लावावयाचा, आणि वाळल्यावर त्यावर पुन्हां पाणी शिंपडावयाचें. नाहीं तर तो खडूसारखा हाताला लागतो. दोन हातांमध्यें एक दिवस जाऊं द्यावा. ब्लॉकचा पृष्ठभाग खडबडीत असल्यानें पहिला हात जाड व आंखूड केसांच्या ब्रशानें भोकांत घोळून बसवावा.

काल व हिशेब

पाऊस गेल्यानंतर लगेच काम काढूं नये. दहा सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटास पूर्ण वाळण्यास ढोबळ मानानें चार महिने लागतात. म्हणून माघ-फाल्गुन हा आमच्याकडे उत्तम काल. सकाळीं दंव उडाल्यावर काम सुरू करावें. चैत्र-वैशाखांत पत्र्याखालीं कोबा तापतो व रंगांत हवेचे बुडबुडे धरतात, म्हणून त्या दिवसांत ऊन उतरल्यावर काम करावें. दारें-खिडक्या उघड्या ठेवाव्या व जवळपास विडी किंवा चूल पेटवूं नये.

सहा मीटर लांब व चार मीटर रुंद घराचा कोबा २४ चौरस मीटर होतो. एका लिटरांत आठ चौरस मीटर असा धोरणी हिशेब धरल्यास एका हातास ३ लिटर व दोन हातांस ६ लिटर रंग लागेल. खडबडीत कोबा यापेक्षां अधिक पितो, म्हणून आधीं एक चौरस मीटर रंगवून पाहावें व मगच बाकीचा माल आणावा.

पुराविषयीं

सावित्री व गांधारी यांच्या कांठच्या शेतकऱ्यांनीं एक गोष्ट मनांत बाळगावी. २००५ च्या जुलैंत व पुन्हां २२ जुलै २०२१ रोजीं महाडांत जसें पाणी चढलें, तसें पाणी कोणत्याही रंगानें अडत नाहीं. अशा ठिकाणीं मागील पुराची खूण भिंतीवर कायम ठेवावी, विजेचीं बटणें तिच्या वर घ्यावीं व बियाणें माळ्यावर ठेवावें. पूर ओसरल्यावर गाळ ओला असतांनाच धुऊन काढावा, आणि भिंतीस एक पुरा उन्हाळा मिळाल्याशिवाय नवा रंग देऊं नये. घाईनें दिलेला रंग पुराचें पाणी भिंतींत कोंडून ठेवतो.

सर्व नीट केल्यावरही पोतीं कोब्यावर ठेवूं नयेत. वीतभर उंच फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर तीं रचावीं. वालाचा दाणा दातांखालीं टणकन् फुटेल इतका वाळवून, हवाबंद डब्यांत किंवा राख घालून कणगींत भरावा. दाण्यांतील ओलावा शेंकडा एकानें उतरला म्हणजे त्याचें साठवणीचें आयुष्य सुमारें दुपटीनें वाढतें, असा बीजशास्त्राचा ढोबळ नियम आहे. खत, औषधें व डिझेल यांच्या शेजारीं तर बियाणें कधींच ठेवूं नये.

दुसऱ्या खेपेस आम्हीं जुना रंग खरवडून काढला, पन्हळ लावली, चर खणला, आणि एक उन्हाळा भिंती उघड्याच ठेवल्या. शेजाऱ्यांस तें घर कुरूप दिसलें. मग फाल्गुनांत कोब्यास सिलिकेट व भिंतींस सिमेंट रंग दिला. त्यानंतरच्या पावसाळ्यांत रंगास फोड आला नाहीं, आणि एका शेजाऱ्याकडून मागून आणलेला वाल कणगींतून काढून पेरला तो चांगला उगवला. ज्यांचीं घरें यंदा बांधून होत आहेत त्यांनीं हा एक उन्हाळ्याचा धीर धरावा, एवढीच आमची विनंती आहे.